आरोप झाला तर आधी कागद मागा

ठाण्यातून फोन येतो, 'साहेबांनी बोलावलंय, येऊन जावा.' कशाबद्दल म्हणून विचारलं तर उत्तर येतं, 'आल्यावर कळेल की.' अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. मोबाईल बंद करून पुण्याला मावशीकडे निघून जातो, नाहीतर तडक ठाण्यात जाऊन जे आठवेल ते सगळं सांगून टाकतो. दोन्हींत नुकसान आहे, आणि ते नुकसान निर्दोष माणसाचं जास्त होतं. आपण काही केलेलंच नाही या भरवशावर तो सर्वांत बेसावध असतो.

आपल्या फौजदारी कायद्यात माणसाला बोलावण्यापासून कोठडीत ठेवण्यापर्यंत जवळपास प्रत्येक पायरीला एक कागद ठरवून दिलेला आहे. फिर्यादीची नक्कल, हजर राहण्याची नोटीस, अटकेची लेखी कारणं, अटक पंचनामा, रिमांडचा म्हणजे कोठडी मागणारा अर्ज, दोषारोपपत्र. हे कागद पोलिसांच्या सोयीसाठी नाहीत, तुमच्या संरक्षणासाठी आहेत. पहिल्या दोन दिवसांत आरोप झालेला माणूस खूप बोलतो आणि मागत काहीच नाही. मला वाटतं, हे उलटं व्हायला हवं.

आधी एक सावधगिरी. फोन ठाण्यातूनच आलाय का, हे तपासा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे सीबीआयची पाटी दिसते, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत म्हणतो आणि 'डिजिटल अटक' झाली म्हणून घरातच बसवून ठेवतो. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. कुठलाही पोलीस अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. फोन खऱ्या ठाण्यातून आला असेल, मग तो आपल्या सोलापुरातल्या फौजदार चावडीचा असो की विजापूर नाक्याचा, तर बोलावणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कशासाठी बोलावलंय हे लिहून घ्या. 'साहेब, लेखी नोटीस द्या, मी नक्की हजर राहतो,' असं नम्रपणे म्हणण्यात उद्धटपणा काही नाही.

नेमकं प्रकरण काय आहे?

ठाण्यातून आलेलं प्रत्येक बोलावणं म्हणजे गुन्हा नव्हे. कुणीतरी नुसता तक्रार अर्ज दिलेला असू शकतो आणि त्याची चौकशी चालू असू शकते. अदखलपात्र नोंद असू शकते, जिला सगळे एन.सी. म्हणतात. शेजाऱ्यांची शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की यांत बहुतेकदा हेच होतं. एन.सी.मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. तिसरा प्रकार चॅप्टर केसचा. सोलापूरची गड्ड्याची यात्रा, निवडणूक, मिरवणूक जवळ आली की शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेण्यासाठी नोटिसा निघतात. ती प्रतिबंधक कारवाई असते, गुन्ह्याचा आरोप नसतो. म्हणून घाबरून कोऱ्या कागदावर सह्या करून येऊ नका. आणि चौथा प्रकार खरा दखलपात्र गुन्हा, ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. त्याची नोंद म्हणजे एफआयआर.

एफआयआर दाखल झाला असेल तर त्याची नक्कल मिळवणं हे पहिलं काम. संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकली की तो शोधता येतो. सोलापुरात इथे एक घोळ नेहमी होतो. शहर आयुक्तालय वेगळं आणि सोलापूर ग्रामीण वेगळं. घटना मोहोळ किंवा अक्कलकोट हद्दीतली असेल तर शहराच्या यादीत शोधून काही सापडणार नाही. तिथे न सापडल्यास आरोपी म्हणून नकलेसाठी लेखी अर्ज करता येतो.

नक्कल हातात आली की कलमं बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. बोलताना लोक फसवणुकीला अजून ४२० आणि सासरच्या छळाला ४९८अ म्हणतात, कागदावर मात्र ३१८ आणि ८५ असतं. सर्वांत फसवा आकडा ४८२. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याचं कलम होतं, नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. म्हणून गूगलवरचे जुने लेख वाचून स्वतः निष्कर्ष काढू नका. प्रत्येक कलमाबद्दल तीन प्रश्न वकिलाला विचारा: दखलपात्र आहे का, जामीनपात्र आहे का, आणि जास्तीत जास्त शिक्षा किती. पुढचं जवळपास सगळं या तीन उत्तरांवर ठरतं.

सात वर्षांची रेघ

समजा, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हिशेब बघणारा एक तरुण आहे. मालकाने त्याच्यावर आठ लाखांच्या अफरातफरीची फिर्याद दिली. न्याय संहितेचं कलम ३१६(४), नोकराने केलेला विश्वासघात. दखलपात्र, अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. अजामीनपात्र म्हटलं की घरातल्यांचं धाबं दणाणतं. जामीन मिळतच नाही, असं त्यांना वाटतं. तसं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा तुमचा हक्क असतो, अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायाधीशांच्या विवेकावर असतो, एवढाच फरक.

आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अर्नेशकुमार विरुद्ध बिहार राज्य या २०१४ च्या निकालाने ही गोष्ट ठणकावून सांगितली. आरोपी पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांना धमकावेल, पुन्हा गुन्हा करेल किंवा अटकेशिवाय नीट तपास होणार नाही, असं काही कारण असेल तरच अटक, आणि ते कारण पोलिसांनी लिहून ठेवायचं. अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची. जुन्या संहितेत हेच ४१अ होतं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण नोटीस व्हॉट्सॲपवर आली म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करून बसणं हा शहाणपणा नव्हे. वकिलामार्फत लेखी उत्तर द्या आणि रीतसर नोटीस मागा.

नोटिशीप्रमाणे हजर राहत गेलात तर त्या गुन्ह्यात सहसा अटक करता येत नाही. करायची झाली तर पोलिसांना वेगळी कारणं नोंदवावी लागतात. मात्र हजर राहिला नाहीत तर तेच अटकेचं कारण बनतं. म्हणून पुण्याच्या मावशीकडे जाण्याचा मार्ग वाईट. हिशेबनीस तरुणाने ठरलेल्या वेळी जायचं, नोटिशीवर वेळ लिहून सही करायची, एक प्रत स्वतःकडे ठेवायची, आणि तारखेला आजारी असला तर डॉक्टरांच्या दाखल्यासह लेखी मुदत मागायची. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि आरोपी साठीच्या पुढचा किंवा आजाराने जर्जर असेल, तर उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, हेही नव्या संहितेत आलं आहे.

अटकेची भीती खरी वाटत असेल तर अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात अर्ज करता येतो. त्यासाठी एफआयआर होण्याची वाट बघावीच लागते असं नाही. सत्र न्यायालयाने नाकारला तर उच्च न्यायालय. इथे सोलापूरकरांसाठी मोठा बदल झाला आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. मुंबईच्या खेपा वाचल्या. अॅट्रॉसिटी कायद्याखालच्या आणि काही लैंगिक गुन्ह्यांत मात्र अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच आडकाठी आहे, तिथे दिवस न दवडता वकील गाठा.

ठाण्यात काय बोलायचं?

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होतं.

राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. चौकशीत ज्या प्रश्नाच्या उत्तराने तुम्ही गुन्ह्यात अडकू शकता, त्याचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. नाव, पत्ता, ओळख खरी सांगा. खोटं अजिबात बोलू नका. पुढच्या प्रश्नांना 'माझ्या वकिलांशी बोलून उत्तर देतो' एवढं म्हणणं पूर्ण कायदेशीर आहे. यामुळे संशय वाढेल, असं घरचे म्हणतात. वाढू द्या. संशयाने शिक्षा होत नाही. घाईत सांगितलेल्या चुकीच्या तारखेने मात्र पुढे उलटतपासणीत खरं सांगणाराही खोटा दिसतो.

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. 'पैसे अमुक ठिकाणी ठेवलेत, दाखवतो' असं सांगितलं आणि तिथे खरोखर काही सापडलं, तर त्या सापडण्याशी संबंधित तेवढं वाक्य पुराव्यात येतं. यालाच निवेदन पंचनामा म्हणतात. तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही घेण्याची कायद्यात तरतूद नाही, उलट मनाई आहे. नोटीस, अटक पंचनामा, जप्ती यांसारख्या कागदांवर मात्र सही लागते. ती वाचून करा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, रिकाम्या जागांवर रेघ मारा, सहीखाली तारीख आणि वेळ टाका. कोऱ्या कागदावर कधीच नाही.

अटक झालेल्याला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, जरी वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नसला तरी. नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० पासून ठरलेलं आहे.

वकिलाला मात्र सगळं खरं सांगा, अगदी अडचणीचंही. तुम्ही त्याला विश्वासाने सांगितलेलं त्याने उघड करू नये, असं कायदाच सांगतो. अर्धवट माहितीवर लिहिलेला जामीन अर्ज सरकारी वकील दोन मिनिटांत पाडतो.

मोबाईलमधले मेसेज डिलीट करू नका. निर्दोष माणूससुद्धा लाजेखातर चॅट पुसतो आणि पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप ओढवून घेतो. उलट आपल्या बाजूचा पुरावा जपायच्या मागे लागा. घटनेच्या वेळी तुम्ही नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात होतात, तर तिथल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण थोड्याच दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं येतं. ते जपून ठेवावं म्हणून तपास अंमलदाराला आणि दुकानदाराला लेखी विनंती करा, वकिलामार्फत न्यायालयातही अर्ज द्या. आमच्या हिशेबनीसाने खतावण्या, मालकाचे पैसे काढण्याचे मेसेज, बँकेचं स्टेटमेंट हे सगळं मूळ स्वरूपात ठेवायला हवं. स्क्रीनशॉट पुरत नाही, ज्या मोबाईलवर मेसेज आला तो मोबाईलही लागतो.

आणि फिर्यादीला फोन करू नका. पेठेतला कुणी वजनदार माणूस मध्ये घालून 'मिटवून घेऊ' म्हणणं सोलापुरात फार सहज होतं. हेतू चांगला असतो, पण त्या एका फोनची नोंद 'साक्षीदारावर दबाव' म्हणून जामिनाच्या विरोधात वापरली जाते. तडजोड करायचीच असेल तर तीही वकिलांमार्फत आणि न्यायालयासमोर होते. काही गुन्हे परस्पर मिटवता येतात, काही न्यायालयाच्या परवानगीने, आणि उरलेल्यांत दोन्ही पक्ष राजी असल्यास गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येतं.

अटक झालीच तर

घड्याळ बघा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं, सुट्टी असली तरी. अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी आणि तुमचीही हवी. कुणाला कळवायचं ते नाव तुम्ही सांगायचं, कळवायची जबाबदारी पोलिसांची.

अटकेची कारणं लेखी मिळायला हवीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ही कारणं कुठल्याही गुन्ह्यात लेखी द्यावीत आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत. जागेवर देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीत. आपल्या शहरात हा निकाल फार मोलाचा आहे. पूर्व भागात घरात तेलुगू बोलली जाते, कितीतरी घरांत कन्नड आणि उर्दू. विडी वळणाऱ्या आजीला मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही. तिच्यापुढे मराठी कागद ठेवून अंगठा घेतला तर तिला समजलं असं होत नाही. तिच्या भाषेत सांगा, अशी मागणी करा. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

हजर करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते, शहरात बहुधा सिव्हिलला. मारहाण झाली असेल तर डॉक्टरांना तिथेच सांगा आणि दंडाधिकाऱ्यांनी विचारल्यावर पुन्हा सांगा. 'काही तक्रार नाही' एवढे तीन शब्द भीतीपोटी निघाले की नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं.

रिमांडच्या वेळी वकील असायलाच हवा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. कोठडीतल्या माणसाला यासाठी उत्पन्नाची अट नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांनाही नाही. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, १५१०० या क्रमांकावरही मागणी करता येते. सरकारी वकील म्हणजे हा वकील नव्हे. सरकारी वकील पोलिसांची बाजू मांडतो.

ज्या शहरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, तिथे हे मागताना संकोच वाटायचं कारण नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. आरोपीला कारणं सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभा करा, हे कलम २२ लिहिणाऱ्या घटना समितीत इंग्रजांच्या तुरुंगात दिवस काढलेले अनेकजण बसले होते.

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही, पण नव्या कायद्यात ती पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनी मागता येते. गुन्हा गंभीर, म्हणजे दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेचा असेल तर नव्वद दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. तो अर्ज मुदत संपताच द्यावा. दुसऱ्या दिवशी दोषारोपपत्र दाखल झालं की हक्क गेला. घरच्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो. सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशन कार्ड, फोटो ही तयारी आधीच ठेवा. जामीनदार मिळेपर्यंत रोख रकमेवर सोडण्याची विनंती करता येते. मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृहाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असा २०२३ पासून नियम आहे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभर जामीनदार देता आला नाही, तर गरीब समजून जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर सोडण्याची तरतूद कायद्यातच आहे.

नंतरचे दिवस

पुढे तारखा सुरू होतात. ई-कोर्ट्स ॲपवर तारीख कळते. यायला जमणार नसेल तर हजेरी माफीचा अर्ज वकिलाला द्यायला सांगा, नुसतं गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं. दोषारोपपत्राची प्रत मोफत मिळते. त्यात दम नसेल तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा अर्ज करता येतो आणि त्याला आता साठ दिवसांची मुदत आहे.

सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला तर महाराष्ट्राच्या नियमांनुसार निलंबित मानला जातो, म्हणून त्याच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी जामिनाची धावपळ करावी. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना एक सांगणं आहे. अर्जात गुन्ह्याची माहिती विचारली असेल तर लपवू नका. क्षुल्लक गुन्ह्याकडे नियुक्ती अधिकारी दुर्लक्ष करू शकतात, पण लपवल्याचं उघड झालं की निर्दोष सुटलेल्याचीही निवड रद्द होऊ शकते.

जप्त झालेला मोबाईल किंवा गाडी परत मिळवण्यासाठी निकालाची वाट बघायची गरज नाही, खटला चालू असतानाच न्यायालयात अर्ज करता येतो. आणि निर्दोष सुटलात तर निकालाच्या सही-शिक्क्याच्या दोन-तीन नकला काढून घ्या. एक ठाण्यात देऊन पोच घ्या, कारण चारित्र्य पडताळणीत किंवा पासपोर्टच्या चौकशीत जुनी नोंद 'प्रलंबित' म्हणून दिसू शकते. जामिनापोटी भरलेली रोख रक्कमही अर्ज केल्याशिवाय परत मिळत नाही, तो अर्ज त्याच आठवड्यात करून टाका.